बरकतचाचांचा मेल-आयडी

भूतखेत, नजर, करणी यातलं मी काही मानत नाही. आमच्या अब्बांनी घरात तो विषयच कधी येऊ दिला नाही. शिवाय मी कॉम्प्युटरवर काम करणारी बाई. एरर आली की तिला कारण असतं, हे शंभरदा पाहिलेलं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली... लोक हसतील, हसू देत.

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. चंद्रपुरात एका एजन्सीत मी ऑफिस सांभाळायची. धानगिरण्या आणि त्यांची डिझेल इंजिनं विकायची, सर्व्हिस द्यायची, हा धंदा. शेठनी हौसेनं ग्राहकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्यातून ग्राहकाला मेल पाठवला की नावापुढे खूण यायची. हिरवी म्हणजे मेल उघडला, लाल म्हणजे पोचलाच नाही, परत आला.

आता सांगा, एटापल्लीकडच्या गिरणीवाल्याचा कुठला आला ईमेल? आणि सॉफ्टवेअर तर ईमेल भरल्याशिवाय पुढे सरकतच नव्हतं. मग मी एक जुगाड केला. जंगलाकडच्या सगळ्या ग्राहकांपुढे आमच्या जुन्या मेकॅनिकचा, बरकतचाचांचा आयडी टाकला. तो मीच बनवलेला, उघडायचीही मीच. बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी चाचा यायचे, मी मेलची प्रिंट हातात द्यायची. ते चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि म्हणायचे, "पाह्यलं पोरी. लाव टिक." मग फटफटीला किक मारून थेट गावात! त्यांनी एकदा "पाह्यलं" म्हटलं की ते काम झालंच समजा.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. झोपेतच. मी लहान मुलीसारखी रडले. शेठनी त्यांचा आयडी सर्व्हरवरून काढून टाकला. मी एकेका ग्राहकापुढे नवीन मेकॅनिकचा, विनोदचा आयडी टाकला. सगळ्यांपुढे टाकला असं मला वाटलं होतं.

तीनेक महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. एका लॉटच्या इंजिनांचं फ्लायव्हील, म्हणजे ते जड लोखंडी चाक, सदोष निघालं. चालता चालता फुटू शकतं, मशीन ताबडतोब बंद ठेवा. सकाळी दहाला मी त्या लॉटच्या सगळ्या ग्राहकांना मेल टाकला आणि पाचच मिनिटांत लाइट गेली. लोडशेडिंग! अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणारं चंद्रपूर, आणि आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो. यूपीएस तर आधीच मेलेला.

अकराला लाइट आली. स्क्रीनवर पाहते तर एटापल्लीकडच्या गिरणीवाल्या मडावींच्या, म्हणजे त्या लॉटच्या जंगलाकडच्या एकुलत्या एक ग्राहकाच्या, नावापुढे दोन खुणा. लाल, आणि तिच्याखाली हिरवी. उघडल्याची वेळ दहा वाजून दहा.

मी पुण्याच्या सपोर्टवाल्याला फोन लावला. "मॅडम, मेलमध्ये एक बारीकसं चित्र असतं. कुणी मेल उघडला की ते लोड होतं, तेव्हाच हिरवी खूण येते. पोचलाच नाही तर उघडणार कोण?"

"तेच तर मी तुम्हाला विचारून राहिले ना!"

त्यानं एक बंद पडलेला आयडी टाकून मेल पाठवायला लावला. नुसती लाल. कॅश साफ केली, अँटिव्हायरस बंद केला. मडावींची खूण हलेना. मग तो म्हणाला, "मॅडम, हा मेल तुमच्याच ऑफिसच्या कनेक्शनवरून उघडलाय."

"अहो, ऑफिसात तेव्हा पंखासुद्धा चालू नव्हता!"

असं अर्धा तास चाललं. विनोद मागे उभा राहून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, हिरवं सोडा ना. ते लाल काऊन आहे?"

या अल्ला! मी मडावींची नोंद उघडली. मडावींपुढे चाचांचाच आयडी राहून गेला होता. मी तिथे खुणेवरून वाद घालत बसले होते आणि मडावींना निरोपच नव्हता. त्यांच्या दोन्ही सुना त्या चाकाला खेटून उभ्या राहून धान ओततात. गावात फोन नाही, एटापल्लीचा पीसीओ लागेना. चूक माझी, कुणाचं काही झालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं? शेठची जीप घेतली, नवीन चाक मागे टाकलं आणि निघालो. आलापल्लीच्या पुढच्या रस्त्यावर विनोदनं जीप कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. मी डोळे मिटून दुआ पुटपुटत होते.

पाचच्या सुमारास पोचलो. गिरणी बंद. मडावीभाऊ बाजेवर निवांत बसलेले, दोन्ही सुना अंगणात मोहफुलं वाळवत होत्या. मला तिथेच रडू फुटलं.

"काऊन रडून राह्यली बाई? मशीन त बंदच आहे जी. बरकतभाऊ सकारीच येऊन गेला ना."

विनोदनं माझ्याकडे पाहिलं.

मडावीबाई सांगू लागल्या, "फटफटी आयकली, म्हणून म्या चहा ठेवला. बाहेर येऊन पाह्यलं त कोणीच नाई. गिरणीत इंजिनचा पट्टा उतरवून ठेवलेला." सूर्य तेव्हा कुठे होता ते त्यांनी हात करून दाखवलं. सागाच्या शेंड्याच्या जरा वर. दहाचाच सुमार.

आम्ही आत गेलो. पट्टा आठच्या आकड्यासारखा दुमडून खुंटीला टांगलेला, इंजिनचं हँडल उंबऱ्यावर आडवं. ही चाचांची खास रीत. हँडल आडवं म्हणजे कुणी हात लावायचा नाही. विनोद हे काम त्यांच्याचकडे शिकलेला, त्याला ओळख पटायला वेळ लागला नाही. त्यानं चाकावर बॅटरी मारली. आसापाशी केसासारखा बारीक तडा होता... हाताच्या पंजाइतका लांब.

चाचा हिवाळ्यातच गेल्याचं मी सांगितलं. मडावीभाऊंनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बाई आत गेल्या आणि झाकलेला कप घेऊन आल्या. सकाळचाच चहा, वर साय धरलेली. "परत येईल म्हणून ठेवला होता," एवढंच म्हणाल्या.

विनोदनं चाक बदललं. परत येताना भीती म्हणाल तर जराही वाटली नाही. उलट कितीतरी महिन्यांनी जीव असा निवांत झाला होता.

दुसऱ्या दिवशी सपोर्टवाल्याचा फोन आला. "मॅडम, कारण काही सापडत नाही. तक्रार बंद करू?" म्हटलं, करा. मग मी त्याच आयडीवर एक ओळ पाठवली. 'चाचा, मडावींचं चाक बदललं. सगळे खुशाल आहेत.'

लाल खूण लगेच आली. दहा वाजून दहाला तिच्याखाली हिरवी.

त्यानंतर त्या आयडीवर मी कितीदा तरी मेल टाकून पाहिले. एकदाही हिरवी खूण आली नाही. ती एरर काय होती ते मला आजही ठाऊक नाही. मडावींपुढचा आयडी मात्र मी ती नोकरी सोडेपर्यंत बदलला नाही. खाली विनोदचा टाकला, वरचा चाचांचा तसाच राहू दिला.