स्किमरमधला पांढरा फेस

अमरावतीत राहून घरात समुद्राचे मासे पाळणारा माणूस डोक्यानं थोडा कमी असला पाहिजे, असं माझ्या बायकोचं मत होतं आणि ते तिनं कधी लपवून ठेवलं नाही. समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. मी मुंबईहून खास मिठाची पोती मागवायचो, गाळलेल्या पाण्यात ते मीठ कालवायचो आणि भिंगातून खारेपणा मोजत बसायचो. धाकटी बहीण मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात दिलेली. तिकडं विहिरीचं पाणीच खारट, प्यायचं पाणी लांबून पाइपानं येतं. जावईबापू एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "भाऊ, मुंबईचं मीठ काहून बोलावता? आमच्या विहिरीचं पाणी न्या. माणसाले पोसत नाही, तुमच्या मासोयीले तरी पोसन." मी त्यांना अर्धा तास दोन्ही खारेपणातला फरक समजावून सांगितला. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकलं आणि शेवटी माझ्या बायकोकडं बघून डोळा मारला. माझी अशी फिरकी घेणारा तो एकटाच माणूस होता.

टाकी चार फुटांची. तिच्याखालच्या कपाटात काचेचा दुसरा चौकोनी डबा, त्याला सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपानं त्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंपानं परत वर चढतं. या सम्पमध्ये मला प्रोटीन स्किमर बसवायचा होता. डाळ शिजताना वर आलेला फेस आपण पळीनं काढून टाकतो, तेच काम हे यंत्र करतं. छोटा पंप पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतो, माशांची घाण बुडबुड्यांना चिकटून वर चढते आणि वरच्या वाटीत काळपट फेस होऊन साचते. ऐकायला सोपं आहे. पण सम्पमधलं पाणी एका बोटानं वरखाली झालं तरी यंत्र रुसतं, आणि माझ्या सम्पचा पाइप नेमका आडवा येत होता. दोन रविवार मी तो कापला, चिकटवला, परत कापला. दोन्ही वेळा दिवाणखान्यात पाणी झालं.

जावईबापूंनी त्यांच्या गावच्या नळाची अर्धीअधिक पाइपलाइन स्वतःच्या हातानं जोडली होती. जावयाला कामाला लावू नये अशी आमच्याकडची रीत. पण माझ्या डोक्यात स्किमर शिरला होता. सकाळी साडेदहाला मी फोन लावला. ते शेतात होते. त्या वर्षी पावसाचा मुक्काम लांबला होता, कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळीनं सगळ्यांची झोप उडवली होती. आमच्या जिल्ह्यांसाठी ती वर्षंच अशी होती की पेपरातलं जिल्ह्याचं पान उघडायची छाती होत नसे. ते म्हणाले, "फवारून राहिलो भाऊ. होतच आलं. घरी जाऊन आंघोय करतो अन् निंगतो."

मी म्हणालो, "आंघोळ इथंच करा. आज सुट्टी आहे माझी, उद्यापासून मला वेळ नाही."

एकच्या सुमारास ते मोटरसायकलवर आले. पाठीवर शर्ट चिकटलेला होता. उन्हातून आलेला माणूस घामेजणारच, असं मला वाटलं. बायकोनं पाण्याची बादली काढली, टॉवेल दिला. मी म्हणालो, "होईल आंघोळ. आधी जरा हा पाइप बघता का?" जावयाला दारातून थेट कपाटापाशी नेऊन बसवणारा मीच. त्यांनी बाह्या वर सारल्या, कपाटात डोकं घातलं आणि दोन मिनिटांत माझी चूक काढली. "उलटा कोपरा लावला भाऊ तुमी. पाणी जाईन कुठून?" नवा कोपरा बसवला, पाइप दोन बोटं कापला, स्किमर सरळ उभा केला. मी बटण दाबलं. यंत्रात दुधासारखे बुडबुडे उठले आणि हळूहळू वर चढू लागले. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "खालून थोडा वाकडा वाटते," आणि कोपरापर्यंत हात सम्पमध्ये घातला. खाली सरकलेली बाही पूर्ण भिजली.

फेस उसळला. काळपट नाही, पांढराशुभ्र, साबणाचा असतो तसा. वाटी क्षणात भरली, झाकण उचललं गेलं आणि फेस कपाटातून फरशीवर आला. मी पंप बंद करायला धावलो, पण वर पाणी पोचवणारा मोठा पंप चालूच राहिला. वरच्या टाकीत एक झिंगा होता, लाल पाठीचा, माशांच्या अंगावरची घाण वेचून खाणारा. तो दगडावरून उडी मारल्यासारखा सुटला, पाठीवर पडला आणि पाय झाडू लागला. मग मासे. नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे चार मासे काचेवर आपटले, गोल गोल फिरले आणि आडवे झाले. मी घड्याळ बघितलं नाही, पण चहाला उकळी यायला लागतो त्याहून जास्त वेळ गेला नसेल.

आणि मी ओरडलो. जावयाला आमच्या घरात कोणी अरेतुरे करत नाही, मी केलं. "काय लावून आलास हाताला? दोन वर्षांची मेहनत आहे माझी! हात धुवायची अक्कल नाही?" ते भिंतीला टेकून उभे होते. हात जोडल्यासारखे पुढं धरलेले. "चुकलं भाऊ. औषधाचे हात होते. मले ध्यानातच नाही आलं." मी बोलतच राहिलो. झिंगा किती दिवसांनी मिळाला होता, मासे कुठून आले होते, सगळं त्यांना ऐकवलं. ते प्रत्येक वाक्याला "चुकलं" म्हणत होते. त्यांच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, ती त्यांना पुसता येत नव्हती, आणि मला वाटलं, हे रडतायत.

बायको किंचाळली, "अहो, त्यायच्याकडे पाहा न!"

तेव्हा मी बघितलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते. शर्टाला हात लावला तर तो घामानं ओला नव्हता. शेतात पाठीवर घेतलेला फवारणीचा पंप सकाळपासून गळत असणार, कारण आतली बनियन औषधानं चिंब होती. जे बाहीतून थोडंसं उतरलं तर टाकीतला एक जीव उरला नाही, ते या माणसाच्या अंगावर चार-पाच तास होतं.

शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. नोंदणीच्या टेबलामागच्या माणसानं वास घेतला आणि मान वर न करता विचारलं, "औषध घेतलं? किती वाजता?"

आमच्याकडं पिकावरच्या विषाला विष कोणी म्हणत नाही, औषध म्हणतात. औषध मारलं म्हणजे फवारणी केली. औषध घेतलं म्हणजे माणूस ते स्वतः प्यायला आणि गेला, किंवा जाता जाता राहिला. मी म्हणालो, "घेतलं नाही. मारलं."

"सगळे नातेवाईक हेच सांगतात," तो म्हणाला आणि कागदावर 'घेतलं' असं लिहिलं.

मी हमरीतुमरीवर आलो. आवाज ऐकून एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी त्यांना मासे, स्किमर, फेस, बाही, सगळं एका दमात सांगितलं. ऐकणाऱ्याला मला वेड लागलं असंच वाटलं असतं. त्यांनी एकच विचारलं, "किती वेळात मेले?" मी सांगितलं. त्या वळून ओरडल्या, "कपडे कापा! आधी अंगावरून साबणाचं पाणी घाला, केसांतून पण!" औषध पोटातच गेलंय असं धरलं असतं तर त्यांना तसंच शर्टासकट खाटेवर टाकलं असतं, आणि ते कातडीतून आत मुरत राहिलं असतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

बहीण चारच्या सुमारास पोचली. गावात कोणीतरी तिला फोनवर फक्त 'औषध' एवढंच सांगितलं होतं. ती खाटेपाशी उभी राहिली, रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मले सांगा," ती म्हणाली, "काय कमी पडलं तुमाले माह्याकडून?"

त्यांची जीभ जड झाली होती. "अवं, घेतलं नाही मी. मारून राहिलो होतो."

तिला पटेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली, तशी ती मटकन खाली बसली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली.

सहाव्या दिवशी त्यांना सोडलं. आमच्याकडं दोन दिवस विश्रांतीला ठेवलं होतं, तेव्हा गावाकडची माणसं भेटायला आली. बहीण प्रत्येकाला सांगत होती, "माह्या दादाच्या घरी होते म्हणून वाचले हे. दादाच्या ध्यानात आलं म्हणून." माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी तोंड उघडलं नाही. न्हाऊ न देता जावईबापूंना कपाटापाशी बसवलं कोणी, लाळ गळत असताना मासे कुठून आणले ते ऐकवत कोण उभं होतं, हे त्या खोलीत मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक होतं. बायको उठून आत गेली. एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "खरं काय हो, जवाई?"

मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. ते हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, "हो न. भाऊनंच वाचवलं मले." आवाजात मस्करी नव्हती, टोमणा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.