पडद्यावरची अट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरातही नाही. गौतमला जाऊन महिना होत आला; आता सांगितलं तरी ऐकायला तो नाही. मग धीर आत्ताच का झाला? कदाचित म्हणूनच.

गौतम आणि मी सेलूत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. नामांतराचं वातावरण निवळलं नव्हतं. माणसाचं आडनाव आधी ऐकलं जायचं, बोलणं मागून. त्यानं जिनिंगवाल्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता — कापसाच्या गाडीचं वजन नोंदवणारा. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायची. फ्लॉपीवर प्रती काढून त्या जिनिंगमध्ये बसवून देणं माझ्याकडे होतं.

सुरू करताच त्याची अट यायची — मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वीज गेली असेल तर शेवटची गाडी नोंदली गेली का ते आधी बघा; ही जबाबदारी वापरणाऱ्याची. मंजूर? 'होय' टाइप केल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. प्रत्येक वेळी. मी म्हणालो होतो, एकदा विचारलं तरी पुरे. तो नुसता हसला होता.

एका जिनिंगचे मुनीम गंगाधरराव 'होय' टाइप करायलाच तयार नसत. "म्या नोकर माणूस. मालकाच्या वतीनं म्या कसं कबूल म्हणू?" आणि वर, "रोज कबूल, कबूल — निकाह लागायलाय का माझा?" मालक येईपर्यंत गाड्या खोळंबायच्या, आणि मला बोलावणं यायचं. शेवटी वैतागून — नाही, वैतागून नाही, थंड डोक्यानं — मी एक छोटी फाईल लिहिली. ती प्रोग्राम सुरू करायची, 'होय' स्वतःच द्यायची, आणि अट कुणी वाचायच्या आत पडदा पुसला जायचा. मुनीम खूश. गौतमला सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणत राहिलो.

प्रत्येक वेळी का, हे मला उशिरा कळलं. वीज गेली की प्रोग्राम नव्यानं सुरू करावा लागतो. म्हणजे अट नेमकी हवी तेव्हाच समोर यायची. मी तीच पुसली होती.

ऐन हंगामात वीज गेली, आली. एका शेतकऱ्याची गाडी नोंदीतून गायब, आणि कापूस केव्हाच ढिगात मिसळलेला. तो फाटकातच बसून राहिला. मालकांनी गौतमला बोलावलं, मीही सोबत गेलो. गौतम शांतपणे म्हणाला, "अट मंजूर केल्याबिगर ते चालूच होत नाही, शेठ."

"लावा हो मुनीम."

मशीन लागलं. अट दिसली नाही. गौतम की-बोर्डकडे वाकला.

"हात लावू नको," मालक म्हणाले. "खोटं बी बोलायचं अन् हात बी लावायचा?"

मुनिमांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापसाच्या ढिगाकडे.

एक वाक्य पुरलं असतं. कशाची भीती होती — नोकरीची? की त्याच्या बाजूनं उभं दिसण्याची? दुसरीच असावी. ती होती.

त्यानंतर सेलूत कुणी त्याचा प्रोग्राम ठेवला नाही. तो येलदरीकडे एका शाळेवर लागला. पुन्हा त्यानं काही लिहिलं नाही. आमची दोस्ती मात्र टिकली — हेच मला आता सोसत नाही.

परवा भेटायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव लय घ्यायचे. म्हणायचे, माझ्याच हातून तुमच्याकडं चुकीची प्रत गेली असंल. तुम्हाला उगंच माझ्यासंगं मान खाली घालावी लागली म्हणायचे." मग विचारलं, "तसंच झालं असंल ना, भाऊजी?"

मी होय म्हणालो.