आप्पांच्या वहीतलं शून्य

मंडळी, आज सकाळी वर्गात कार्बन डायऑक्साइड शिकवून आलो आणि दुपारपासून कशात मन लागत नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या महिन्यात गेले. शहापुरात त्यांनी जन्मभर हातमागावर साड्या विणल्या. आज त्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी कॉलेजची वही! स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची. ते कॉलेजात गेलते हेच मला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या पानावर माझा सकाळचाच प्रश्न: कार्बन डायऑक्साइडचा रेणू ध्रुवीय आहे का, म्हणजे त्याची ओढ एका बाजूला झुकते का? इलेक्ट्रॉन ओढायची ताकद ऑक्सिजनची ३.५, कार्बनची २.५. फरक एकचा, म्हणून बंध ध्रुवीय. इथवर बरोबर. पुढं आप्पांनी लिहिलंय, 'म्हणून रेणूही ध्रुवीय.' त्यावर मास्तरांची लाल फुली: कार्बन मधे, दोन्हीकडच्या ऑक्सिजनची ओढ सारखी आणि उलट, म्हणून बेरीज शून्य.

खाली पेन्सिलीनं आप्पांचं अक्षर: 'ओढ असती, पण भाईर दिसत न्हाय.'

आत्याला विचारलं.

"त्याच वर्षी तुझ्या आज्जाची नजर गेली रं. माग बंद पडला असता. आप्पा कॉलेज सोडून दुसऱ्या दिवशी मागावर बसला. एका शब्दानं बोलला न्हाय. आमाला वाटलं, त्यालाच शिकायचं न्हाय."

मी बी.एस्सी.ची पुस्तकं आणली की आप्पा हात पुसून ती उघडायचे. बराच वेळ बघायचे. मग "मला काय कळतंय यातलं" म्हणून मिटायचे. मी खरं मानलं.

आज सकाळी मुलांना म्हणालो होतो, "उत्तर शून्य. चला पुढं."

तुमच्या घरात कुणाची ओढ अशी शून्य धरून तुम्ही पुढं गेलाय का हो?