चिकटवलेलं झाकण

सिंगापूरमधल्या माझ्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये मॉडेल जोडायच्या गोंदाची बाटली उघडली की त्या उग्र वासाबरोबर बाबा आठवतात. ते फौजेत रणगाड्यावर गनर होते. पहिल्यांदा सिंगापूरला आले, तेव्हा मी त्यांच्याच रणगाड्याचं मॉडेल पुढे ठेवलं. फोटो बघून एकेक बोल्ट बसवला होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकण नखानं उचकटायला लागले.

“बाबा, ते चिकटवलंय. रंग निघेल.”

“मग तो बाहेर कसा येणार?”

मी चिडून मॉडेल काढून घेतलं. तो कोण, हे विचारलंच नाही.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. झाकणावर त्यांच्या नखाचे ओरखडे आहेत. त्या ओरखड्यांवर रंग लावायला माझा हात धजत नाही.