आज अंगावर काही नाही

माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं आणि आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत सगळेच डॉक्टर झाले. लिफ्टमध्ये जो भेटेल तो विचारायचा, "काय खाल्लंस?" वांगं सोडलं, अंडी सोडली, जीव की प्राण असलेली कोलंबीही सोडली. तरी हातापायांवर लाल गांधी उठायच्याच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी टेबलाखाली मांड्या खाजवत बसायचे आणि समोरच्याचं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाई म्हणाल्या, "खाण्याचा काही संबंध दिसत नाही. ॲलर्जीची ही गोळी रोज एक, ठरलेल्या वेळी. खाज वाढली म्हणून मनानेच दोन घ्यायच्या नाहीत आणि अंग साफ दिसलं म्हणून बंदही करायची नाही. कमी पडली तर मला विचारा."

हळूहळू अंग शांत झालं. मी कसली शांत होते! रोज आईचा फोन.

"आज उठलंय का गं?"

"नाही."

"मग गोळी कशाला खातेस? उठलं तर आमसुलाचं पाणी लाव."

परवा माझं डोकंच फिरलं. "आई, तू बीपीची गोळी काय बीपी वाढल्यावर घेतेस?"

"मग? डोकं जड झालं की घेते. उगाच रोज कशाला?"

ती घाटकोपरला एकटी राहते. फोन तसाच कानाला धरून मी चपला शोधायला लागले.