घर नंबर पाच, चूल निराळी

एकसष्ट सालच्या शिरगणतीत आमचं गाव माझ्या वाट्याला आलं, कारण शाळेत शिकवणारे आम्ही दोघंच होतो आणि हेडमास्तरांचे गुडघे नेमके सरकारी कामाच्या वेळीच दुखत. मी तेव्हा बावीस वर्षांची, फायनल पास, नोकरीला लागलेली आणि बिनलग्नाची. मधल्या दोन गोष्टींमुळेच शेवटची झाली, असं गावाचं ठाम मत होतं.

हरिहरेश्वराच्या अलीकडे, खाडीच्या काठाला धरून आमची चाळीसेक घरं. एका बाजूला खाडीचा बांध आणि बांधाच्या आत खाऱ्या मातीतली भातशेती. घरोघर जाऊन नाव, वय, जन्म कुठला, भाषा कुठली हे विचारायचं आणि फॉर्म भरायचे. जन्म कुठला म्हटलं की पुरुष छाती फुगवून सांगत, "इथलाच!" बायका आपापल्या माहेरचं नाव सांगत, ते कधी डोंगरापलीकडचं, कधी दोन खाड्या ओलांडून. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं की निम्मा गाव बाहेरून आलेला आहे आणि तोच निम्मा गाव पाणी भरतो, लावणी करतो, पोरं वाढवतो. हे मी हेडमास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "फॉर्मात शेरे मारू नकोस."

आमचं घर मी शेवटी घेतलं. घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. आई मी लहान असतानाच गेली होती आणि बाबांना ना भाऊ, ना मुलगा. ते ओटीवर काथ्याची दोरी वळत बसले होते. मी अगदी सरकारी आवाजात विचारलं, "जन्म कुठला?"

"उपरा. तसंच लिव."

"बाबा, असं लिहिता येत नाही. तुम्ही याच घरात जन्मलात."

"मंग त्ये गावाला सांग," म्हणाले आणि पुन्हा दोरीकडे वळले.

ही जुनी ठसठस होती. आमच्या गावात घरं दोन जातींची, मूळची आणि उपरी. शिमग्याला देवीची पालखी निघते, तिला खांदा द्यायचा तो मूळच्यांनी. पहिला खांदा मानकऱ्यांच्या घरचा. उपऱ्यांनी पालखी दारात आली की ओवाळायचं, नारळ ठेवायचा, हात जोडायचे. आम्ही उपरे. कुठून आलो, कधी आलो, कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांच्या आजाच्या आधी काही सांगता येत नव्हतं, एवढाच आमच्याविरुद्धचा पुरावा. कुलदैवत विचारलं की सगळे सांगतात म्हणून आम्हीही हरिहरेश्वर सांगायचो. बाबांच्या खांद्यावरून भाताचे भारे गेले, होडीची डोलकाठी गेली, बांध फुटला तेव्हा मातीच्या पाट्या गेल्या, पण पालखीचा दांडा काही गेला नाही. त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. मी लहानपणी त्यांना पालखीमागे चालताना बघितलं आहे. दोन्ही हात पाठीशी बांधलेले असायचे, चुकून लागू नयेत म्हणून. मला त्याचा भयंकर राग येई. मानकऱ्यांचा येई आणि हात बांधणाऱ्या बाबांचाही येई.

त्या दिवशी फॉर्म भरून झाला आणि मी मनाशी ठरवलं की आम्ही कोण ते कागदावर शोधून काढायचंच. मी हट्टी आहे हे माझ्याविषयीचं गावाचं दुसरं मत, आणि ते बरोबर होतं.

सुरुवात शाळेच्या जुन्या रजिस्टरापासून केली. बाबांचं नाव सापडलं, पुढे "येथील", आणि गैरहजेरीच्या इतक्या फुल्या की मी त्यांना आठवडाभर चिडवलं. मग गावची जन्ममृत्यूची वही. तिच्यात बाबांच्या आजाचा मृत्यू होता, पण "मूळ राहणार" याच्यापुढचा कोपरा कसरीने खाल्लेला. खायला तिला तेवढीच जागा मिळाली होती! शेवटी कोणीतरी सांगितलं की संस्थान विलीन झालं तरी त्याचं जुनं दफ्तर मुरुडला पडून आहे, लाल फडक्यांत बांधलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तरीने खाडी ओलांडून आणि एस.टी. करून मुरुड गाठलं.

दफ्तराच्या खोलीत एक म्हातारे कारकून होते. रुमाल सोडला तर आत सगळी मोडी. माझ्या डोळ्यांना ती शेवयांच्या गुंत्यासारखी दिसली. मी मास्तरीण, आणि माझ्याच गावाचा कागद मला वाचता येईना, याची लाज वाटली. कारकुनांना मात्र मोडी वाचायला गिऱ्हाईक मिळाल्याचा कोण आनंद झाला. "आता कोण विचारतं हो हिला," असं म्हणत त्यांनी चार दिवस माझ्यासाठी धूळ खाल्ली. चौथ्या दिवशी आमच्या गावाची जुनी खानेसुमारी, म्हणजे तेव्हाची शिरगणती, निघाली. घर नंबर, घरधन्याचं आणि त्याच्या बापाचं नाव, माणसं, गुरं, धंदा, मूळचा कुठला, आणि कडेला शेरा. आडनावं नव्हतीच, ती मागाहून चिकटली, कोणाला मानावरून, कोणाला धंद्यावरून.

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मी ऐकतच राहिले. मूळचं म्हणवणारं एकही घर मूळचं नव्हतं. खाडीला बांध घालायला संस्थानाने सारामाफीचा कौल देऊन माणसं बोलावली होती. कोणी दक्षिणेकडून गलबतातून आलं, कोणी घाट उतरून आलं. "येथील, पूर्वापार" असा शेरा अख्ख्या गावात दोनच झोपड्यांपुढे होता, आणि त्या होत्या डोंगराच्या उतारावरच्या कातकऱ्यांच्या. त्यांना आम्ही पालखीच्या वाऱ्यालाही उभं करत नव्हतो. होळीची लाकडं तेवढी त्यांनी आणायची.

मग पाचवं घर आलं. नाव बाबांच्या आजाचं. मूळ गाव दक्षिणेकडचं. शेऱ्यात कारकून अडखळले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, "घर नंबर एक याचा सख्खा धाकटा भाऊ. चूल निराळी."

घर नंबर एक म्हणजे मानकऱ्यांचं. आमच्या समोरचं, मध्ये फक्त पाणंद.

मी नक्कल करून घेतली आणि सगळी वाट मनातल्या मनात भाषण रचत आले. गावकीच्या बैठकीत कागद फडकवायचा, एकेकाचं मूळ गाव वाचून दाखवायचं, मग बघू कोण कोणाला उपरा म्हणतं! आधी बाबांना नक्कल वाचून दाखवली. मी भाषण ऐकवलं. ते म्हणाले, "गावकीत कशाला? घरातली गोष्ट हाय. आदी समोरच्या मानकऱ्याला दाखवू." हे "घरातली" मला त्या वेळी अजिबात आवडलं नाही.

मानकरी तेव्हा दम्याने बेजार होते, सकाळच्या उन्हात ओटीवर बसून असत. बाबा सवयीने अंगणातच उभे राहिले. मी कागद वाचला. म्हाताऱ्याने मला थांबवलं नाही, नवलही केलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "व्हय. ठावं हाय."

"ठाऊक आहे?" मी ओरडलेच.

"आज्यानं सांगितलं व्हतं मला, मरताना. बांध पयल्यांदा फुटला त्या वरसी त्यो आन् ह्याचा आजा, दोगं भाव भांडलं. धाकट्याची जमीन खाडीनं खाल्ली, थोरल्यानं आपल्यातली दिली न्हाय. मंग ह्यो माजा कुणी न्हायच म्हणून सांगत सुटला. गावानं आयकलं." त्यांना धाप लागली. "मान वाटला का आर्धा व्हतो, बाय. म्हून मीबी गप्प ऱ्हायलो."

मला खूप बोलायचं होतं. बाबांनी मला खूण केली. मग मानकरी त्यांना म्हणाले, "वर ये. खाली का उबा?" आणि बाबा साठाव्या वर्षी पहिल्यांदा समोरच्या ओटीवर चढले. येत्या शिमग्याला पहिला खांदा दोघांनी मिळून द्यायचा, असं मानकऱ्यांनी गावकीत स्वतः सांगितलं. कोणी ब्र काढला नाही. माझं भाषण राहून गेलं.

ते वर्ष बाबा निराळेच होते. पोस्टातून कोणाचं पत्र यायचं असावं तसे ते माघापासून दिवस मोजत होते. मी त्यांच्यासाठी मुरुडहून नवं धोतर आणलं, तर रोज काढून बघत आणि परत पेटीत ठेवत. मी चिडवलं की नवरदेव तरी बरा. लाजले.

आणि पालखी निघायच्या चार दिवस आधी मानकरी गेले.

त्यांच्या घराला दहा दिवसांचं सुतक आलं. पहिला खांदा मोकळा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकीची चार माणसं आमच्या अंगणात आली आणि म्हणाली, "आता तुमीच धरा. एकट्यानं. मान तुमच्याच घराचा." बाबा म्हणाले, "मलाबी सुतक हाय की."

"कागदावरचं नातं त्ये," एकजण म्हणाला. "तीन पिढ्या चूल येगळी, पंगत येगळी. तुमाला कसलं सुतक? कोण इचारनार न्हाय."

मी दाराआड उभी होते आणि देवाशपथ सांगते, मीही मनात हेच म्हणत होते. धरा बाबा. तीन पिढ्या त्यांनी नातं लपवलं, तुम्ही चार दिवस विसरलात तर काय बिघडलं?

बाबा म्हणाले, "भाव म्हून खांदा मिळाला. आता भाव मेला तर न्हाय कसं म्हनू? सुतक टाळलं का नातंबी टळलं." आणि त्यांनी अंगणातल्यांना दुरूनच नमस्कार केला.

पालखी सुतकाच्या दारी थांबत नाही. पालखीच्या दिवशी दुपारी ढोल पाणंदीत आले, आणि एरवी आमच्या दारात टेकायची ती पालखी डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही घरांना टाळून पुढे गेली. बाबा आत भिंतीला पाठ टेकून बसून होते. ढोल लांब जाईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी रडले, रागाने आणि दुःखानेही. म्हणाले, "रडू नगं. पुढल्या वरसी हायच."

पुढलं वर्ष नव्हतं. भातं पिवळी पडू लागली होती तेव्हा बाबा तापाने चार दिवसांत गेले. खांदा द्यायचा राहिला तो राहिलाच. मला अजून, हे लिहितानाही, त्याचं फार वाईट वाटतं.

गावात आमचं म्हणावं असं कोणी नव्हतं. अग्नी कोण देणार, असा प्रश्न पडून मी दारात नुसती बसले होते. इतक्यात समोरच्या घरातून मानकऱ्यांचा थोरला मुलगा ओल्या धोतराने आला आणि त्याने अग्नीचं मडकं उचललं. दहाव्याला तो आणि त्याचे दोघे धाकटे भाऊ मुंडनाला न्हाव्यापुढे रांगेने बसले.

बाराव्या दिवशी सपिंडी असते. गेलेल्या माणसाला त्याच्या बापात, आजात आणि पणजात मिळवतात. भटजींनी थोरल्याला नावं विचारली. बाबांच्या वडिलांचं नाव मी दारातून सांगितलं, ते त्याने म्हटलं. आजोबांचं सांगितलं, तेही म्हटलं. पणजोबा दोन्ही घरांचे एकच; त्यांचं नाव सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर त्याने ते घेतलंही होतं.