पाडव्याचं बोलावणं

बाळांनो, तुम्ही दोघं आता ज्या देशात शाळेला जाता, त्याच देशातून एक मुलगी आमच्या हिंगणघाटला आली होती. मुलगी म्हणते, कारण ती सत्तावीस वर्षांची होती आणि मी चाळिशीला टेकले होते. पण कामात ती माझी वरिष्ठ होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. गावाबाहेर, वेणा नदीच्या अलीकडे, मिशनचं मुलींचं वसतिगृह होतं. शेजारी शाळा, मागे गोठा आणि भाजीचं वावर. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. मिशनच्या प्रमुख बाईंना सगळे मिसबाई म्हणत. जुन्या मिसबाई वयामुळे मायदेशी परतल्या आणि त्यांच्या जागी ही आली. याआधी तिने दुसऱ्या एका गावी नुसतं शिकवलं होतं, त्यामुळे मराठी तिला बऱ्यापैकी येई. माणसं सांभाळायची मात्र ही पहिलीच वेळ. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, जेवण उभ्याउभ्याच करायची, आणि कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं तिला वाटायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेतावर वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या माणसाला गडी म्हणतात. त्याचं साल गुढीपाडव्याला संपतं. त्या दिवशी मालकाने त्याला बोलावायचं, नारळ द्यायचा, पुढच्या सालाचं विचारायचं आणि जेवू घालायचं; त्या जेवणाआधी गडी कामाला हात लावत नाही. बोलावलं नाही तर साल सुटलं. माझे सासरे शेतकरी होते. वर्षभर आवाज चढवणारे सासरे पाडव्याच्या सकाळी गड्याशी किती जपून बोलत, ते मी पाहिलेलं होतं.

मिसबाईला ही रीत कळली तेव्हा तिला ती आवडली नाही. पाडव्याच्या आठवडाभर आधी तिने सगळ्यांना व्हरांड्यात जमवून सांगितलं, "यंदा पाडव्याला कुणालाही बोलावणार नाही. तुमची कामं पक्की आहेत. कुणाला भीती नको."

लोकांनी माना हलवल्या आणि ते गेले. मी तिला म्हणाले, "गोठ्याच्या गड्याला तरी बोलवा. तो इथे जुना आहे."

"माणसं काय बाजारात उभी करायची? दरवर्षी निवडून घ्यायची?" ती म्हणाली. "तो राहणार आहे, असं मी सांगितलं. याहून जास्त काय हवं?"

तिचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नाही.

पाडव्याला मी घरी गुढी उभारून नैवेद्याची तयारी करत होते. वसतिगृहाची स्वयंपाकीण धापा टाकत आली. "बाई, चाला लवकर. गाई वरडून राह्यल्या, अन् मिसबाई सोताच धार काढाले बसली. गाईनं लाथ हानली."

गेले तर मिसबाईचा झगा दुधाने आणि शेणाने भरलेला. गोठ्यापलीकडे गड्याची खोली होती. तो धुतलेलं धोतर नेसून दारात बसला होता. गाय हंबरली की त्याची मान थोडी वळे आणि पुन्हा सरळ होई. आत त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती. उंबऱ्याशी एक नारळ होता.

"हा संप आहे," मिसबाई मला इंग्रजीत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाकीचे बघताहेत. आज मी ऐकून घेतलं तर उद्यापासून इथे माझं कुणी ऐकणार नाही. त्याला विचारा, काम करणार की खोली सोडणार?"

मी एकटी त्याच्याकडे गेले. "मामा, गाईंची धार का नाही काढली?"

"साल सरलं ना, बाई. आता मी कोनाचा गडी हाओ?"

"तुमचं काम पक्कं आहे असं त्यांनी सांगितलं होतं ना?"

"सांगतलं. सगळ्याइले एका दमात सांगतलं, बकऱ्या हाकलल्यावानी. मले कोनं बलावलं?"

आतून त्याची बायको म्हणाली, "न बलावता तं कावळाबी येते, बाई."

नारळ नदीपलीकडच्या पाटलांचा होता. सकाळीच त्यांचा मुलगा ठेवून गेला होता, आणि दुपारी सामानासाठी बैलांची बंडी घेऊन येणार होता.

"घेतला का नारळ?" मी विचारलं.

"हात नाई लावला अजून."

तो गेला असता तर वसतिगृहातल्या मुलींचं दूध गेलं असतं, भाजी गेली असती. त्याची दोन्ही मुलं ज्या खोलीत जन्मली ती त्याची खोलीही गेली असती. हे त्याला माहीत होतं. तरी तो उठत नव्हता.

मी परत येऊन मिसबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी दारात जाऊन विचारलं तर मी मालकीण ठरते. मी इथे मालकीण व्हायला आले नाही."

"गाई विकायच्या झाल्या तर सही कुणाची लागते?"

ती हळूच म्हणाली, "मी विचारलं आणि तो नाही म्हणाला तर?"

"म्हणू शकतो. वर्षातून एकच दिवस म्हणू शकतो. तुम्ही काम पक्कं केलंत आणि तो दिवसच काढून घेतलात."

तेवढ्यात फाटकातून बंडी आत आली. पाटलांचा मुलगा उतरला आणि कडुनिंबाखाली उभा राहिला. मिसबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या झग्याकडे. "नारळ कुठे मिळेल?" तिने विचारलं. स्वयंपाकिणीने कोठीतून आणून दिला.

अंगण ओलांडून ती गेली. मी मागे राहिले. ती त्याच्यासमोर उभी राहिली, नारळ दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाली, "हे साल तुम्ही आमच्याकडे राहाल का?"

गड्याने नारळ घेतला नाही. पाटलांच्या मुलाकडेही पाहिलं नाही.

"एक बोलतो," तो म्हणाला. "सरकीच्या ढेपेच्या खोलीची किल्ली तुम्ही आल्यापासून तुमच्यापाशी ठेवली. मी रोज सकाळी गाईच्या चाऱ्यासाठी तुमच्या दारात उभा राह्यतो. जुन्या मिसबाईनं असं कधी नाई केलं. मी काय ढेप खातो?"

कुणीतरी हसलं. तिच्या मानेपर्यंत लाली चढली. मला वाटलं, ती आता फिरून चालू लागेल.

"नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती. सगळंच नवीन होतं. किल्ली तुमच्याकडे राहील."

"मंग राह्यतो."

त्याने नारळ घेतला. पाटलांच्या मुलाने आपला उचलला. "चाला, आमची बंडी रिकामीच," तो म्हणाला. "येत्या साली पाहू, मामा." गड्याची बायको त्याला म्हणाली, "पुरनाच्या पोया खाऊन जाय, बापू. एवढा उन्हाचा आला." आणि तो खरंच बसला.

आता गडी लगेच गोठ्यात जाईल असं मिसबाईला वाटलं. तो हातपाय धुवायला गेला. मग पानावर बसला. गाई ओरडतच होत्या. ती माझ्याकडे वळली, काही विचारणार होती, पण विचारलं नाही. गड्याच्या बायकोने ओट्यावर आणखी एक पान मांडलं आणि तिला म्हणाली, "तुमीबी बसा, मिसबाई. तो जेवल्याबिगर उठनार नाई आज."

शेणाने भरलेल्या झग्यानिशी ती खाली बसली. हिंगणघाटला आल्यापासून तिला बसून जेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.